पर्समधले द्र

पर्समध्ये ‘द्र’ हे अक्षर घेऊन फिरणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. धुळ्याच्या ज्या शाळेत मी पहिली नोकरी केली तिथे त्या मराठी शिकवायच्या. मी अमळनेरचा, नुकताच बी.एड. झालेला, गणिताचा. शाळेतल्या बाकी सगळ्या शिक्षिका ‘मॅडम’ झाल्या होत्या. यांना मात्र पाचवीतल्या पोरापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. मीही तेच म्हणतो.

द्रचं प्रकरण असं होतं. शहरातल्या चौकाचौकात फ्लेक्स लागतात. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचं अभीष्टचिंतन. त्यावर हात जोडलेला एक मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांचे टिकल्यांएवढे फोटो आणि मध्ये हमखास ‘दृष्टे नेतृत्व’. हवं ‘द्रष्टे’, पण द ला ऋकार. ते दिसलं की बाईंची स्कूटी रस्त्याच्या कडेला थांबायची. मागे मी बसलेलो असलो तर मला उतरावं लागे. बाई पर्समधून पाकीट काढायच्या. त्यात पांढऱ्या चौकोनावर कापलेले काळे द्र असत, लहान, मध्यम, मोठे. ‘दृ’वर ‘द्र’ चिकटवायचा, तळहाताने दाबायचा, दोन पावलं मागे येऊन पाहायचं आणि निघायचं. हात पोचला नाही तर स्कूटी स्टँडवर लावून तिच्या पायठेवणीवर चढायच्या. तेव्हा स्कूटी धरायचं काम माझं.

हे द्र बसस्टँडजवळचा रेडियमवाला चाचा कापून द्यायचा. गाड्यांवर नावं, नंबर, ‘आईचा आशीर्वाद’ लावून देणारा माणूस. बाई दिसल्या की विचारायचा, “बाई, आज कौनसे साइज का?” एवढं एकच अक्षर यांना कशाला लागतं, हे त्याने कधी विचारलं नाही. मला वाटतं, शाळेत चित्रं-बित्रं करतात असा त्याचा समज असावा.

एकदा एका फ्लेक्सखालीच मोटरसायकलींवर तीन-चार तरुण बसले होते. ज्यांचा वाढदिवस त्यांचेच कार्यकर्ते. बाईंनी स्कूटी लावली, चढल्या, चिकटवायला लागल्या. एक जण उठून आला. त्याने विचारलं, मॅडम, आमच्या दादांच्या बोर्डला हात का लावता?

बाई खाली उतरल्या आणि त्याच्याशी वर्गात बोलतात तशा बोलायला लागल्या. करणारा तो कर्ता, देणारा तो दाता, बोलणारा तो वक्ता. तसा पाहणारा तो द्रष्टा. आणि जे पाहिलं गेलं ते दृष्ट. “तुम्ही दादांना दृष्ट केलंत. म्हणजे त्यांना सगळ्यांनी पाहिलं. ते खरंच आहे, गावभर फोटो आहेत. पण त्यांनी काय पाहिलं, ते सांगा.”

पोरगा गोंधळला. त्याने मागे मित्रांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, दादांना पुढचं सगळं आधीच कळतं. बाईंनी विचारलं, “या चौकातली गटार पावसाळ्यात तुंबते, ती पाहिली का त्यांनी?” त्यावर ती पोरं हसली. शेवटी त्यांच्यातल्याच एकाने, हात लांब होता म्हणून, बाईंच्या हातातून द्र घेऊन नीट सरळ लावून दिला.

पण बाईंची खरी भानगड अक्षराशी नव्हती, अर्थाशी होती. स्टाफरूममध्ये आमचा यावर अनेकदा वाद झाला. माझं म्हणणं साधं होतं. लोक द्रष्टा म्हणतात तेव्हा त्यांना पुढचं ओळखणारा माणूस म्हणायचं असतं. शब्द लोकांचा, अर्थही लोकांचा. बाई म्हणायच्या, भविष्य जाणणाऱ्याला भविष्यवेत्ता हा शब्द आहे. लांबचं पाहणाऱ्याला दूरदर्शी आहे. पत्रिका मांडणाऱ्याला ज्योतिषी आहे. मग द्रष्टा कशासाठी उरला? जुन्या ऋषींना मंत्रांचे द्रष्टे म्हणत, कारण त्यांनी मंत्र पाहिले असं मानत. त्यात उद्या कुठेच नव्हता, नुसतं पाहणं होतं.

मी हटत नसे. अर्थ सरकतात, बाई, मी म्हणायचो. एकदा त्यांनी डबा उघडता उघडता माझं अर्धं मान्य केलं. “सरकू द्या. पण आजचं पाहिलेलं असू द्या आधी. समोरची भिंत न पाहता ज्याला पलीकडचं दिसतं, त्याला मी काय म्हणू?”

त्यांचं शिकवणंही याच एका गोष्टीवर चालायचं. आमच्या पटांगणात एक गुलमोहोर होता. मुलं वर्षानुवर्षं त्याच्यावर निबंध लिहीत आली होती, लाल शालू पांघरलेली नवरी वगैरे. बाईंनी एका वर्गाला विचारलं, गुलमोहोराच्या फुलाला पाकळ्या किती? सगळ्यांच्या माना खाली. मग अख्खा वर्ग झाडाखाली. पाच पाकळ्या, त्यातल्या चार तांबड्या आणि एक पांढुरकी, ठिपक्याठिपक्यांची. मुलांना त्या पाचव्या पाकळीचा असा काही धक्का बसला की मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गांतली पोरंही फुलं उचलून पाहायला लागली. मीही पाहिलं. लहानपणापासून गुलमोहोराखालून जात आलो होतो.

मी रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या की सर, तुमच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटणार आहे. दोन-तीन दिवसांत तो भर व्हरांड्यात तुटला. मी जरा दचकूनच त्यांना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, “मी भविष्य नाही सांगितलं, चप्पल सांगितली.”

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष पंचाहत्तर वर्षांचे होणार होते. शाळेत मोठा सत्कार ठरला. आमदार येणार, पुढारी येणार. हेडसरांनी सन्मानपत्राचा मजकूर बाईंकडे दिला आणि बजावलं की ‘द्रष्टे शिक्षणसेवक’ हे त्यात आलंच पाहिजे. दुसऱ्या कुणी असतं तर लिहून मोकळं झालं असतं. बाई उठल्या आणि थेट अध्यक्षांच्या घरी गेल्या. त्यांना विचारलं, मला तुमच्यासाठी द्रष्टे असं लिहायचंय, तर तुम्ही काय पाहिलं ते सांगा.

हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. अध्यक्ष रागावले नाहीत. पायाने झोपाळा थांबवला. मग म्हणाले की तरुणपणी ते गावातल्या शाळेच्या बांधकामावर देखरेख करायचे. तिथे एक मुलगी डोक्यावर हंडा घेऊन रोज खिडकीशी थांबायची. आत पाढे चालायचे. ही पाढे ऐकायची आणि पाण्याचा हंडा तसाच डोक्यावर. हंडा जड असतो, खाली ठेवावा, हेही तिच्या लक्षात राहायचं नाही. “ती माले रोज दिसे,” अध्यक्ष म्हणाले. “मंग एक दिवस वाटलं, हिले आत बसाले जागा पाह्यजे.” आमची शाळा मुलींसाठी म्हणून सुरू झाली ती त्यानंतर, मुलगे पुढे आले.

बाईंनी त्याच संध्याकाळी सन्मानपत्र लिहून टाकलं. द्रष्टे हा शब्द घातला, आणि मनापासून घातला. दुसऱ्या दिवशी मला वाचून दाखवताना त्यांचा आवाज जरा वेगळा लागला होता.

आणि त्याच आठवड्यात त्यांनी सज्ज्याचा विषय काढला.

जुन्या इमारतीला पहिल्या मजल्यावर पटांगणाच्या बाजूने एक लांब सज्जा होता. सत्काराच्या वेळी त्यावर आठवी-नववीच्या मुली उभ्या राहणार आणि अध्यक्षांवर फुलांच्या पाकळ्या उधळणार, अशी कल्पना होती. शिक्षकांच्या सभेत बाई म्हणाल्या, हा सज्जा पडणार आहे, मुलींना वर पाठवू नका. हेडसर म्हणाले, बाई, शुभकार्याच्या तोंडावर असं अभद्र बोलू नका.

बाईंनी कारणं सांगितली. सज्ज्याकडे उघडणारा त्यांच्या वर्गाचा दरवाजा जूनमध्ये सहज लागायचा, आता खाली घासतो. शेवटच्या बाकावर रोज चुन्याची भुकटी पडते, झाडली तरी दुसऱ्या दिवशी तेवढीच. खालून पाहिलं तर एका जागी गिलावा फुगलाय आणि तिथून गंजाचा ओघळ आलाय. हेडसरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, इमारत तुमच्या-माझ्या आधीपासून उभी आहे.

सत्काराच्या दिवशी मंडप भरला. बँड आला. मी मंचाशेजारी हारांच्या टोपल्यांपाशी होतो. पाकळ्यांची वेळ झाली, निवेदकाने वर पाहून हात केला, आणि वर कुणीच नव्हतं. मी जिन्याकडे धावलो. बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर आडव्या बसल्या होत्या, नवं इस्त्रीचं पातळ, मांडीवर पर्स. खाली मुलींची रांग परड्या घेऊन उभी. हेडसर त्यांच्यासमोर घामाघूम. ते विनवत होते, मग रागावत होते, मग पुन्हा विनवत होते. बाईंचं उत्तर एकच होतं. मुलींनी पाकळ्या खालूनच उधळाव्यात, वर जायचं असेल तर मला उचलून बाजूला करावं लागेल.

कार्यक्रम संपल्यावर हेडसरांनी अध्यक्षांना सगळं सांगितलं. अध्यक्ष तिथेच, सज्ज्याखाली उभे होते. गळ्यात हार, भोवती माणसं. त्यांनी एकदा मान वर केली असती तर तो ओघळ त्यांच्या डोक्यावरच होता. त्यांनी नाही केली. म्हणाले, कार्यक्रमाचा विचका झाला. बाईंना मेमो मिळाला.

मला वाटलं होतं बाईंना मेमोचं वाईट वाटेल. त्यांना वेगळ्याच गोष्टीचं वाईट वाटलं होतं. घरी चहा करताना त्या म्हणाल्या की मी सन्मानपत्रात शब्द चुकीचा लिहिला नाही, तो त्या दिवसापुरता खरा होता. “माणूस एकदा पाहतो, म्हणून कायम पाहत राहतो असं नाही, सर. ते रोज करावं लागतं.”

दिवाळीच्या सुट्टीत सज्जा पडला. दुपारची वेळ, शाळा बंद. शिपाई सांगत होता की आवाज असा झाला जसा ट्रकमधून विटांचा ढीग ओतला. सुदैवाने कुणी नव्हतं. मी गेलो तेव्हा अध्यक्ष आधीच येऊन उभे होते. सज्जा मधून मोडून खाली आला होता, गंजलेल्या सळया बाहेर आल्या होत्या. ते किती तरी वेळ नुसते पाहत राहिले. मग हेडसरांना म्हणाले, मेमो फाडा, आणि सगळी इमारत तपासून घ्या, सुट्टी वाढवावी लागली तरी चालेल. इमारत तपासली गेली. तो भाग पाडून नवीन बांधला. अध्यक्षांपुरतं प्रकरण तिथे मिटलं.

बाईंच्या बाजूने मात्र ते तिथे सुरू झालं.

मला वाटलं होतं लोक बाईंचे आभार मानतील. काहींनी मानलेही. पण शाळा उघडल्यावर स्टाफरूममध्ये एक विचित्र जागा तयार झाली, बाईंच्या खुर्चीभोवतीची. एका मॅडमने आपल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका सगळ्यांना दिली, बाईंची टेबलावर ठेवून गेली. एक शिक्षक मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले की माझ्या नवीन प्लॉटबद्दल बाईंसमोर बोलू नका. मी विचारलं, का? ते म्हणाले, काळी जीभ आहे त्यांची. बोलल्या आणि पडला ना सज्जा? म्हणजे सज्जा गंजाने पडला नव्हता, बाईंच्या बोलण्याने पडला होता.

हे बाईंच्या कानावर गेलंच. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना चिडलेलं पाहिलं. मला म्हणाल्या, “शब्द कसे वाटले जातात बघा. फ्लेक्सवरच्या माणसाने काहीच पाहिलं नाही, तो द्रष्टा. बाईने पाहून सांगितलं, तर तिची जीभ काळी. डोळे कुणालाच आठवत नाहीत.”

आणि दुसरीकडे लोक चोरून यायला लागले. मुलगा परीक्षेत पास होईल का? नरडाण्याच्या कारखान्यात नोकरी टिकेल का? बोअरला पाणी लागेल का? बाई प्रत्येकाला बसवायच्या, चहा द्यायच्या आणि सांगायच्या की मला यातलं काहीही कळत नाही. मग त्यालाच उलट प्रश्न. मुलगा किती वेळ अभ्यासाला बसतो, पाहिलंय का? शेजारच्या शेतातली विहीर किती खोल आहे, पाहिलीय का? बहुतेक जण वैतागून परत जायचे. काही जण खरंच जाऊन पाहून यायचे आणि पुन्हा सांगायला यायचे. त्यांच्यावर बाई खूश असत.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा पिंपळनेरच्याही पलीकडच्या एका पाड्यावरून नवरा-बायको आले. एस.टी.ने निघालेले, सकाळपासून. बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी. आमच्या शाळेतल्या कुणा मुलीच्या मामाने त्यांना सांगितलं होतं की धुळ्यात एक बाई आहेत, त्या बोलतात ते होतं. बाप दाराशीच बसला. आईने पदर हातात घेऊन विचारलं, “बाई, आमनी पोर जगी का नई? तेवढं सांगा.”

मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, नेहमीचं उत्तर देतील. त्या आईशी बोलल्याच नाहीत. जमिनीवर मुलीसमोर बसल्या. तिच्याकडे पाहत राहिल्या, इतका वेळ की बाप अस्वस्थ होऊन उठून उभा राहिला. मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाईंनी तिचा तळहात उघडून आपल्या तळहाताशेजारी धरला. तो कागदासारखा पांढरा होता. बोटं सुजलेली होती. खालची पापणी हळूच ओढून पाहिली, आत लाल काही नव्हतं आणि डोळ्याचा पांढरा भाग पिवळसर होता. मग विचारलं, कुठे दुखतं? मुलीने हळूच पायाकडे, मग पाठीकडे बोट दाखवलं.

बाई उठल्या. आईला म्हणाल्या, “ती जगेल की नाही ते मला माहीत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ती आत्ता खूप आजारी आहे, एवढं मला दिसतंय. चला.”

बाप म्हणाला की भगताकडे नेलं होतं, गंडा बांधलाय, उतरेल म्हणाला. बाईंनी गंड्याला हात लावला नाही. असू दे, म्हणाल्या, तो गंडा तिकडेही हातातच राहील. रिक्षा आणायला मला पिटाळलं. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत मुलगी बाईंच्या मांडीवर होती आणि बाई तिला रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावत होत्या, जागी राहावी म्हणून. ती वाचत होती. चौथीपर्यंत शिकलेली होती.

रक्त तपासलं. सिकलसेल निघाला, आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. आमच्या पश्चिमेच्या पट्ट्यात तो किती घरांमध्ये आहे, हे त्या दिवशी डॉक्टरांकडून मला कळलं. डॉक्टर म्हणाले की वेळेवर आणलं. हा आजार जात नाही, पण सांभाळला तर माणूस उभं राहतं. गोळ्या नेहमी घ्यायच्या, पाणी भरपूर प्यायचं, दुखायला लागलं की थांबायचं नाही. तिला रक्त चढवलं. आईबाप दोघांचीही तपासणी झाली आणि धाकट्या भावाला घेऊन यायला सांगितलं.

ती मुलगी आता साक्रीला वसतिगृहात राहून बारावी करते आहे. मध्ये दोनदा दवाखान्यात राहून आली, गोळ्या चालू आहेत. बाई निवृत्त झाल्या, पण तिला दर महिन्याला फोन करतात आणि पहिला प्रश्न पाण्याचा असतो.

पण मला बाईंची आठवण येते ती त्या पहिल्या संध्याकाळची. वॉर्डाबाहेर लांबलचक बाक होता. मुलगी आत खाटेवर, दारातून दिसत होती. बाप चहा आणायला गेला होता. आई बाईंशेजारी येऊन बसली. दिवसभर तिने भविष्य विचारलं होतं, आता ती काही विचारत नव्हती. पदर सारखा करून ती म्हणाली,

“पाड्यावर बठ्ठा लोकसनी इचारं, पोरले काय व्हयनं. देखं कोनीच नई, बाई. तुमी देखं.”

बाईंनी त्या आईचा हात हातात घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे दारातून आत, त्या मुलीच्या उशाशी लटकलेल्या सलाईनच्या नळीवर होते. एक थेंब, मग दुसरा थेंब. मग थेंब पडायचा थांबला, आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षात यायच्या आत बाई उठून नर्सला हाक मारत होत्या.